टेपवर की लॅपटॉपवर? पुण्यातल्या मेटल आणि पंक बँडसाठी

तुमची सात-आठ गाणी बसली आहेत, चौघांनी मिळून थोडे पैसे बाजूला टाकले आहेत आणि आता कुणीतरी, बहुधा गिटारिस्टनेच, टुमणं लावलंय की रेकॉर्डिंग करायचं तर ॲनालॉगच. त्यावर ड्रमरचं उत्तर ठरलेलं: "अरे, क्लिकवर, कानातल्या त्या तालाच्या टिकटिकीवर, दोन मिनिटं टिकत नाही आपण, आणि तू टेपच्या गप्पा मारतोयस?" मेटल आणि पंकमध्ये हा वाद जास्त पेटतो, कारण ज्यांची पारायणं करून आपण वाजवायला शिकलो ते बहुतेक अल्बम टेपवरचे आहेत आणि आज निघणारे बहुतेक संगणकावरचे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. टेप आणि लॅपटॉप यांतला कानाला कळणारा फरक लोक समजतात त्यापेक्षा बराच लहान आहे. कामाच्या पद्धतीतला फरक मात्र प्रचंड आहे. तेव्हा वाजवताना चुकलं तर ते मागाहून सुधारायची किती मुभा तुम्हाला हवी आहे, हे आधी ठरवा. मशीन त्यानंतर.

फितीवर आवाजाचं काय होतं

टेप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चुंबकीय ऑक्साइडचा पातळ थर. मशीनचं हेड त्यातल्या कणांना चुंबकत्व देतं. आवाज वाढवत नेला की एका पातळीनंतर कण आणखी चुंबकत्व घेईनासे होतात, पण हे एकदम होत नाही, हळूहळू होतं. त्यामुळे स्नेअरवर काठी पडतानाचा जो अणकुचीदार पहिला क्षण असतो तो किंचित बोथट होतो, थोडे वरचे हार्मोनिक त्यात मिसळतात आणि तडाख्यामागचा खोलीचा आवाज पुढे आल्यासारखा वाटतो. याला सॅच्युरेशन म्हणतात. "ड्रम कसले जाड वाजतायत" असं आपण म्हणतो तेव्हा त्यात याचा हात असतो.

डिजिटलमध्ये असा उतार नाही. शून्य डीबीपर्यंत जे आत जाईल ते जसंच्या तसं बाहेर येतं, त्याच्या वरचं सपाट कापलं जातं आणि ते कापलेलं फार घाण वाजतं. मीटर लालपर्यंत चढवायची सवय टेपच्या काळातली. तिथे तिला अर्थ होता, कारण त्याने हिस (फितीची स्वतःची सततची सरसर) खाली दबायची आणि सॅच्युरेशन मिळायचं. २४ बिटमध्ये सगळ्यात मोठा ठोकाही उणे १०-१२ डीबीपाशी ठेवा, काहीही बिघडत नाही.

आता हिस. नॉइज रिडक्शन न लावता चांगल्या टेप मशीनवर आवाज आणि हिस यांतलं अंतर साधारण ६० ते ७० डीबी भरतं. सीडीच्या १६ बिटमध्ये ते सुमारे ९६ डीबी आणि आजच्या बऱ्यापैकी इंटरफेसमध्ये (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी) शंभरच्याही वर. नुसत्या तानपुऱ्यावर विलंबित ख्याल रेकॉर्ड करणाऱ्याला हा फरक जीवघेणा वाटेल. चढवलेल्या मार्शल अँपपुढे त्याचं काही चालत नाही, अँपची स्वतःची गुरगुरच हिसपेक्षा मोठी असते. म्हणजे टेपचा सगळ्यात बदनाम दोष आपल्या संगीतात आपोआप झाकला जातो.

गंमत अशी की त्याच कारणाने टेपचा गुणही निम्मा वाया जातो. डिस्टॉर्शनमधून आलेली गिटार पेडलमध्ये दबलेली असते, प्रीअँपमध्ये दबलेली असते, व्हॉल्व्हमध्ये आणि शेवटी स्पीकरच्या कागदातही दबलेली असते. तिला टेपचं सॅच्युरेशन देणं म्हणजे तळून काढलेल्या वड्यावर वरून चमचाभर तेल सोडणं. फरक पडतो तो ड्रमवर, बासवर आणि ओरडणाऱ्या गळ्यावर. गिटारिस्ट ज्याला "टेपवाली गिटार" म्हणून ऐकवतो ती बहुतेक वेळा अँपची, स्पीकरची आणि माइक कुठे धरलाय त्याची करामत असते. स्टॉकहोमच्या डेथ मेटलचंच पाहा. सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबर्गने एन्टूम्बडचा १९९० मध्ये निघालेला पहिला अल्बम केला. त्यातली ती करवतीसारखी गिटार म्हणजे बॉसचं एचएम-२ पेडल, सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवलेली. टेप तिथे होती कारण तेव्हा सगळीकडेच होती. बॉसने २०२१ मध्ये ते पेडल सुधारून पुन्हा बाजारात आणलं आणि लॅपटॉपवरसुद्धा त्याची करवत तशीच चालते.

बासच्या बाबतीत टेपचा वेग महत्त्वाचा. दोन इंची मशीन सेकंदाला १५ किंवा ३० इंच वेगाने चालतं. १५ वर हिस थोडा जास्त, पण खालच्या बासला एक फुगवटा येतो, जो रॉकवाल्यांना फार आवडतो. ३० वर वरचे स्वर स्वच्छ येतात, पण तो फुगवटा वर सरकतो आणि त्याच्या खालचं पातळ होतं. पाच तारांच्या बासची खालची बी साधारण ३१ हर्ट्झची. ती ३० च्या वेगावर घ्यायला गेलात तर जी छातीत बसायला हवी तीच ढिली पडते. डूमवाले, म्हणजे संथ आणि जड मेटल वाजवणारे, १५ वर खूश असतात ते उगाच नाही.

उलट टोकाला डबल किक, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवलेला किक ड्रम. २०० बीपीएमला (मिनिटाला २०० मात्रा) सलग सोळाव्या मात्रा, म्हणजे एकेका मात्रेत चार ठोके, वाजवल्या की सेकंदाला तेरा ठोके होतात. अशा वेळी प्रत्येक ठोक्याचा सुरुवातीचा 'टक्' हाच कानाला त्या वेगाचा हिशोब देतो. टेप नेमका तोच गोल करते. टेक्निकल डेथ मेटलच्या ड्रमरने टेपचा हट्ट धरला तर तो स्वतःच्या पायांवरच धोंडा पाडून घेतो.

जुने अल्बम तसे का वाजतात

ब्लॅक सॅबथने पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या रीजंट साउंडमध्ये एका दिवसात वाजवून संपवला. मशीन चार ट्रॅकचं. रमोन्सचा १९७६ चा पहिला अल्बम साधारण ६,४०० डॉलरमध्ये झाला, जेव्हा मोठे रॉक बँड महिनोन्महिने स्टुडिओ अडवून बसत होते. वॉशिंग्टनच्या हार्डकोर मंडळींनी, मायनर थ्रेट वगैरेंनी, नदीपलीकडच्या आर्लिंग्टनमध्ये डॉन झिएन्टारा या माणसाच्या घराच्या तळघरात रेकॉर्डिंग केलं. त्या स्टुडिओचं नाव इनर इअर. बॅड ब्रेन्सचा १९८२ चा अल्बम आधी फक्त कॅसेटवर निघाला, त्या पिवळ्या कॅसेटच्या प्रतींवरून प्रती निघत राहिल्या.

या सगळ्यांनी टेप निवडली नव्हती, दुसरं काही नव्हतंच. त्यांच्या आवाजाला आकार दिला तो टंचाईने. ट्रॅक चार किंवा आठ, म्हणजे सगळे ड्रम एक-दोन ट्रॅकवर जागेवरच मिसळून टाकायचे. नंतर "किक जरा वाढव" म्हणायची सोय नाही. तासाचं भाडं चालू, म्हणजे चौघांनी एकत्र वाजवायचं आणि तिसऱ्या टेकला थांबायचं. स्नेअरच्या माइकमध्ये गिटार शिरलेली, ओव्हरहेडमध्ये (ड्रमच्या वर टांगलेल्या माइकमध्ये) बास शिरलेला. ती गळतीच बँडला एका खोलीत उभं करते. आजचा बँड प्रत्येक वाद्य वेगळ्या दिवशी, वेगळ्या घरात, हेडफोन लावून रेकॉर्ड करतो आणि मग टेपची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्लगइनमध्ये, ती खोली शोधतो.

अमेरिकन रेकॉर्डिंग इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनीचं नाव या वादात येणारच. १९८७ मध्ये आपल्या बिग ब्लॅक या बँडच्या अल्बमच्या वेष्टनावर डिजिटलला इरसाल शिवी छापणारा हा माणूस मे २०२४ मध्ये वारला, तोवर टेपवरच काम करत राहिला. आणि याच बिग ब्लॅकमध्ये ड्रमर नव्हता, रोलंडचं टीआर-६०६ हे ड्रम मशीन होतं! शुद्धतेचे सोवळे पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. फेब्रुवारी १९९३ मध्ये त्याने निर्वाणा या बँडचं रेकॉर्डिंग मिनेसोटातल्या पॅकिडर्म स्टुडिओत सुमारे दोन आठवड्यांत उरकलं, स्वतःला निर्माता न म्हणवता इंजिनिअर म्हणवलं आणि रॉयल्टी घ्यायला नकार दिला. त्याच्या ड्रमच्या आवाजाची नक्कल करणारे टेपच्या ब्रँडची चौकशी करतात. माझ्या मते चौकशी करायची तर खोलीच्या उंचीची आणि लांब ठेवलेल्या माइकची करावी. १९९७ मध्ये शिकागोत त्याने इलेक्ट्रिकल ऑडिओ उभारला तेव्हा स्टुडिओच्या खोल्यांवर जी मेहनत घेतली, ती काही हौसेखातर नव्हे.

टेपबद्दल त्याचा दुसरा मुद्दा मात्र वजनदार होता: जतन. टेपवर आवाज प्रत्यक्ष असतो, तो वाचायला कुठल्या कंपनीचं सॉफ्टवेअर जिवंत असावं लागत नाही. नव्वदच्या दशकातली संगणकावरची सत्रं आज उघडायला गेलात तर घाम फुटतो. पण टेपही अमर नाही. अँपेक्सच्या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कित्येक फितींचा चिकटा ओलावा शोषून चिघळतो. त्या वाजवण्याआधी साधारण ५४ अंशांवर काही तास शेकाव्या लागतात.

उलट बाजूची उदाहरणंही तितकीच ठळक आहेत. मेशुगा या स्वीडिश मेटल बँडने २००५ चा अल्बम प्रोग्राम केलेल्या ड्रमवर केला आणि त्यांच्या चाहत्यांनी तो डोक्यावर घेतला. कारण त्या संगीताचा जीवच गणितात आहे. फू फायटर्सनी २०११ मध्ये आपल्या गायकाच्या, डेव्ह ग्रोलच्या, गॅरेजमध्ये टेपवर अल्बम केला, निर्माता बुच व्हिग. तेही सुंदर झालं, पण त्यांच्या गॅरेजमध्ये आणि आपल्या धायरीच्या गॅरेजमध्ये थोडा फरक आहे.

कान किती ओळखतात याबद्दल एकच प्रसंग पुरे. २०२२ मध्ये उघड झालं की मोबाइल फिडेलिटी ही महागड्या एलपी काढणारी अमेरिकन कंपनी बऱ्याच वर्षांपासून आपल्या रेकॉर्ड तयार करताना मध्ये एक डिजिटल टप्पा वापरत होती. ॲनालॉगची उष्णता जाणवते म्हणून शेकडो डॉलर मोजणारे रसिक त्यावरच माना डोलावत होते.

पुण्यात टेप म्हणजे काय प्रकरण आहे

आवाजाचं शास्त्र बाजूला ठेवलं तरी इथे घोडं अडतं ते व्यवहारात.

दोन इंची, २४ ट्रॅकची फीत आज जगात मोजक्याच ठिकाणी बनते. फ्रान्समध्ये रेकॉर्डिंग द मास्टर्स आणि अमेरिकेत एटीआर ही त्यातली मोठी नावं. एका रिळाचे तीनशे डॉलरच्या वर जातात, त्यावर वाहतूक आणि कस्टम्स वेगळं. एका रिळात २,५०० फूट फीत: १५ च्या वेगाने ३३ मिनिटं, ३० च्या वेगाने जेमतेम साडेसोळा. पंक बँडची दोन-दोन मिनिटांची दहा गाणी १५ च्या वेगावर एका रिळात मावतात, पण प्रत्येकी एकाच टेकमध्ये. तीन टेक ठेवायचे म्हटलं की दोन रिळं. नाहीतर आधीचा टेक पुसून त्यावरच नवा घ्यायचा आणि तो वाईट निघाला तर हात चोळत बसायचं. याउलट १६ ट्रॅक, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ असं तासभर रेकॉर्ड केलं तर साधारण सव्वाआठ जीबी होतात. फोनमध्ये यापेक्षा जास्त लग्नांचे व्हिडिओ पडलेले असतात.

पण फीत विकत घेता येते हो. अवघड आहे ते मशीन आणि मशीनवाला. स्टूडर किंवा ओटारीचं मोठं मशीन रोज सकाळी कॅलिब्रेशन टेप लावून जुळवावं लागतं: हेडचा कोन, बायस, पातळ्या. हेड झिजतात, पिंच रोलरचं रबर कडक होतं, सुटे भाग मागवावे लागतात. हे सगळं हाताने करणारा माणूस आठवड्याच्या बोलीवर मिळणार नसेल तर मशीन म्हणजे खोलीतलं जड कपाट. कुणी "आमच्याकडे टेप आहे" म्हणालं तर सरळ विचारा: शेवटचं कॅलिब्रेशन कधी केलं, आणि चोवीसपैकी किती ट्रॅक चालतात? उत्तर देताना समोरचा छताकडे बघायला लागला की समजून घ्या.

मग आपली हवा. जून ते सप्टेंबर पुण्यात भिंती घामेजतात, चामड्याच्या चपलांना बुरशी येते. फितीला तीच बुरशी येते. लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय जुन्या रिळांसाठी तापमान आणि आर्द्रता सांभाळणारी कोठारं बाळगतं. तुमचं मास्टर रीळ मात्र पलंगाखालच्या बॅगेत जाणार आहे, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. भर रेकॉर्डिंगमध्ये वीज गेली तर लॅपटॉपची बॅटरी निदान फाइल वाचवते. टेपचा तो टेक गेलाच.

एक पुणेरी अडचण दोन्ही पद्धतींना सारखीच लागू आहे, तरी सांगतोच. गणपतीच्या आधीचे दोन महिने संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, नदीपात्रात आणि मोकळ्या मैदानांवर. पेठेत किंवा कर्वेनगरच्या बाजूला ड्रम रेकॉर्ड करणार असाल तर तो ठेका तुमच्या ओव्हरहेड माइकमध्ये येणार. जोरकस भागात झाकला जाईल, पण गाणं थांबून नुसती झांज विरत असताना मागून पथक ऐकू येईल. ड्रमच्या तारखा दुपारच्या धरा किंवा सरळ अनंत चतुर्दशीनंतर.

कॅसेट: गरिबाचं ॲनालॉग

टेपचा सगळा विचार दोन इंची मशीनवरच करायचं कारण नाही. टॅस्कॅमने १९७९ मध्ये पोर्टास्टुडिओ १४४ काढलं, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक. डार्कथ्रोनचा १९९४ चा अल्बम घरात अशाच चार ट्रॅकवर झाला आणि आज निम्मं ब्लॅक मेटल त्या खरखरीच्या मागे धावतंय. हा एक प्रकार असा आहे जिथे टेपचा दोष हाच रंग आहे.

पोर्टास्टुडिओ जुन्या बाजारात आपोआप सापडेल असं समजून बुधवार-रविवार चकरा मारू नका. तिथे साधे टेपरेकॉर्डर आणि डेक दिसतात. पोर्टास्टुडिओ ऑनलाइन जुनाच घ्यावा लागतो. घेताना आतला रबरी पट्टा वितळलाय का ते बघा, जुन्या मशीनमध्ये तो हमखास डांबर झालेला असतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात जुन्या टेपरेकॉर्डरचं काम केलेला एखादा काका अजून भेटतो, त्याला पट्टा दाखवून विचारा.

कॅसेट क्रोमची, म्हणजे टाइप टू लागते. आजीच्या कपाटातली भावगीतांची कॅसेट साध्या ऑक्साइडची असते, तिच्यावर हे मशीन नीट बोलत नाही. (आणि अलूरकर म्युझिक हाऊसने काढलेली एखादी शास्त्रीय मैफल असेल तर तिच्यावर ब्लास्ट बीट चढवण्याआधी जरा लाज बाळगा.) सी-१२० घेऊ नका, तिची फीत फार पातळ असते. बहुतेक पोर्टास्टुडिओ दुप्पट वेगाने चालतात आणि चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरतात, त्यामुळे सी-६० वर सलग पंधरा मिनिटंच मिळतात. ड्रमचे दोन माइक मिळून एक, गिटार, बास असं तीन ट्रॅकवर घ्यायचं, ते मिसळून चौथ्यावर उतरवायचं, मग मोकळ्या ट्रॅकवर आवाज आणि दुसरी गिटार. एकदा उतरवलं की परत फिरणं नाही.

लॅपटॉपचे आजार

डिजिटलला पैसे लागत नाहीत असं नाही, पण ते कुठे लागतात ते कळतं. आठ माइक एकदम घेणारा इंटरफेस, फोकसराइटचा १८आय२० किंवा बेहरिंजरचा यूएमसी१८२० असा काहीतरी, एका बँडपाशी असला की दोन-तीन बँड वापरतात. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर साठ दिवस विनामूल्य वापरता येतं आणि छोट्यांसाठीचा परवाना साठ डॉलरचा आहे. किक, स्नेअर, दोन ओव्हरहेड, दोन गिटार, बास थेट आणि आवाज: झाले आठ. जॅमरूममध्येच काम होऊ शकतं.

आजार सुरू होतो त्यानंतर. ड्रमचा प्रत्येक ठोका ओढून ग्रिडवर, म्हणजे पडद्यावर आखलेल्या तालाच्या रेघांवर, बसवला जातो. मग स्नेअर एकसारखी वाजत नाही म्हणून तिच्या जागी सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला तयार ठोका. मग गिटारला अँप सिम्युलेटर, जो जगातले दहा हजार बँड वापरतात. शेवटी आपला ड्रमर आणि पोलंडचा कुठलातरी ड्रमर यांत फरक उरत नाही. बारीक काम करणाऱ्या मेटलला हा काटेकोरपणा शोभतो. पंकला नाही. पंकमध्ये कोरसला गाडी दोन बीपीएमने पुढे पळते तीच तर मजा असते, आणि ग्रिड नेमकी तीच मारतो.

दुसरा आजार न संपण्याचा. टेपवर "पुढच्या महिन्यात मिक्स सुधारू" असं सहज म्हणता येत नाही. लॅपटॉपवर अल्बम दोन-दोन वर्षं "जवळजवळ झाला" असतो. तोवर बासिस्ट नोकरीसाठी बंगळुरूला गेलेला असतो.

मोठ्या आवाजाचं पाप मात्र डिजिटलच्या माथी मारू नका. मेटालिकाचा २००८ चा अल्बम इतका दाबून काढला की गिटार हिरो या खेळातली त्याच गाण्यांची मोकळी आवृत्ती लोकांना बरी वाटली, आणि मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सनने सांगितलं की मिक्सच दाबून आले होते. तो निर्णय माणसांचा. आता तर स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्सला (गाणं कानाला किती मोठं वाटतं त्याचं माप) आणून ठेवतं, त्यामुळे भिंत करून पाठवलेलं गाणं तिथे उलट चपटं वाजतं.

मधला रस्ता, आणि त्यातले खड्डे

टेपची शिस्त लॅपटॉपवर आणता येते, फुकट. सगळ्यांनी एका खोलीत वाजवायचं. एका गाण्याचे तीन टेक, त्यातला एक निवडायचा, उरलेले दोन त्याच रात्री पुसायचे, खरोखर पुसायचे. ग्रिड बंद. क्लिक हवा असेल तर फक्त सुरुवातीचे चार ठोके. गिटारचा आवाज अँपवरच ठरवून माइकने घ्यायचा. हे पाळलंत तर 'ॲनालॉग' म्हणून जे हवं होतं त्यातलं बरंचसं हातात येईल. पाळलं नाहीत तर दोन इंची स्टूडरही वाचवणार नाही.

सॅच्युरेशन हवंच असेल तर प्लगइन आहेत. चाऊ टेप मॉडेल विनामूल्य आहे, युनिव्हर्सल ऑडिओचं स्टूडर ए८०० विकत मिळतं. ड्रमच्या एकत्रित चॅनेलवर थोडं लावा. प्रत्येक ट्रॅकवर लावलंत तर सगळं घोंगडीखालून ऐकू येतं.

खरी फीत हवी असेल तर लॅपटॉपवरचं मिक्स एखाद्या बऱ्या कॅसेट डेकमधून फिरवून परत आत घ्या. इथे एक खड्डा आहे: डेकचा वेग कधीच अचूक नसतो. नुसते ड्रम फिरवून आणले तर चार मिनिटांच्या गाण्यात ते गिटारपासून हळूहळू सटकतात. म्हणून फिरवायचं तर संपूर्ण स्टिरिओ मिक्स, नाहीतर सटकलेले तुकडे हाताने परत जुळवत बसा.

कोणी काय करावं

हार्डकोर किंवा पंक, छोटी गाणी, चौघंही एकत्र बरं वाजवतात: जॅमरूममध्ये आठ माइक, लॅपटॉप, एक शनिवार-रविवार. उरलेल्या पैशात शंभर कॅसेट छापा, तिथे टेपची हौस भागते आणि गिगला विकल्याही जातात.

डूम, स्लज, स्टोनर: टेपचा सगळ्यात जास्त फायदा तुम्हालाच आहे. मंद ड्रम, लांब रेंगाळणारा बास, खोलीचा आवाज. मुंबईत किंवा बाहेरदेशी जुळवलेलं मशीन आणि ते चालवणारा माणूस खरोखर मिळत असेल आणि गाणी पाठ असतील, तर फक्त ड्रम आणि बास टेपवर घ्या, लगेच संगणकात उतरवा आणि बाकीचं पुण्यात करा. रीळ विकत घेण्याऐवजी स्टुडिओचं वापरलेलं रीळ भाड्याने मिळतं का तेही विचारा. तेवढे पैसे नसतील तर तेच पैसे मोठ्या, उंच छताच्या खोलीवर घाला.

टेक्निकल डेथ, जेंट, प्रोग्रेसिव्ह: डिजिटल, दुसरा विचार नको. फक्त सॅम्पल लावाल तेव्हा खरी स्नेअर खाली जिवंत ठेवा, आणि ड्रमरचे टॉम भरतानाचे ठोके ग्रिडवर ओढू नका.

घरात एकट्याने ब्लॅक मेटल करणारे: पोर्टास्टुडिओ मिळाला तर घ्या. तुमच्या शेजाऱ्यांना दोन्हीत काही फरक पडणार नाही.

कुठलाही मार्ग घेतलात तरी इंजिनिअरकडून शेवटचं पेमेंट देताना प्रत्येक ट्रॅकची वेव्ह फाइल मागून घ्या: गाण्याच्या शून्यापासून सुरू होणारी, नाव नीट घातलेली, प्लगइनविना. म्हणजे दहा वर्षांनी त्याचं सॉफ्टवेअर बंद झालं तरी कुठेही उघडता येईल. प्रती तीन: एक बँडपाशी, एक ऑनलाइन, एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी. ड्रमरच्या नको, तो घरं बदलतो.